लाल दोऱ्याचा वाटा

आमच्या काकींकडे पाहुणा आला की त्या त्याला फ्रीजरवर बसवत. दुसरी सोयच नव्हती. पेणकरपाड्यातल्या बैठ्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि मध्ये चिंचोळं स्वयंपाकघर. मागची खोली भाड्याने माझ्याकडे, पुढची काकींची आणि फ्रीजरची. फ्रीजर म्हणजे कपाटासारख्या फ्रीजचा वरचा कप्पा नव्हे. मीरा रोडला एक आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं तेव्हा काकींनी तिथून उचलून आणलेली ती भलीमोठी आडवी पेटी होती. वर झाकण, बाजूला कोन चाटणाऱ्या गुबगुबीत पोराचं चित्र. रंग उडून उडून त्या पोराचे फक्त डोळे आणि जीभ शिल्लक राहिली होती. झाकणावर गोधडीची घडी, तिच्यावर क्रोशाचा रुमाल. माणसं त्यावर बसत, चहा पीत, गप्पा मारत. बोलता बोलता काकी मध्येच म्हणत, "ऊठ जरा." नवख्या माणसाला वाटे, बाई आपल्याला कंटाळल्या. माहितगार माणूस मात्र हसून बाजूला होई आणि हात धुवायला जाई. कारण काकींनी "ऊठ" म्हटलं की जेवायला थांबायचं, असा त्याचा अर्थ होता.

मी मूळची सिन्नरकडची. काशीमीऱ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बुकिंग काउंटरवर नोकरी लागली आणि खोली शोधत काकींच्या दारात आले. माझं गाव, पगार, आडनाव यातलं काही काकींनी विचारलं नाही.

"मटन खातेस?" त्यांनी विचारलं.

"खाते."

"मागच्या म्हैन्यातलं?"

आमच्या घरी बोकड पडला की संध्याकाळच्या आत रस्सा झालाच पाहिजे, अशी रीत. माझी आई तर सकाळचं मटण रात्री खायलाही कुरकुरायची. मी तसं सांगितलं.

"आजचं मटन आजच खायला आपन काय वाघ हाव?" काकी म्हणाल्या. "ऱ्हा. शिकशील."

अशी मला खोली मिळाली. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फ्रीजमधलं मढं खायला लावते का ती बाई तुला? दुसरी खोली बघ." मी बघते म्हटलं आणि बघितली नाही.

काकींनी उभ्या आयुष्यात कोळंबी सोलली. खाडीकडच्या एका कंपनीत शेकड्यांनी बायका बर्फात हात घालून कोळंबी सोलत, त्यातल्या त्या एक. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. बर्फात राहून राहून काकींच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. तापलेला तवा त्या पकडीशिवाय उतरवत आणि वर मला पकड शोधताना बघून हसत. बर्फावर मात्र त्यांची निष्ठा अशी की कुणी कुळाचारावर ठेवत नसेल. जगात दोनच प्रकारची घरं, असं त्यांचं ठाम मत होतं. एक, ज्या घरात माणूस भुकेला आला की पिशवी घेऊन बाजारात धावावं लागतं. आणि दुसरं त्यांचं.

मटण, कोंबडी, खिमा जे काही येई ते एका जेवणापुरतं वेगळं करून दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरलं जाई. आमच्या दोरीवर कपड्यांपेक्षा दुधाच्या पिशव्याच जास्त वाळत असत. पिशवीचं तोंड दोऱ्याने बांधायचं. पांढरा दोरा कोंबडीला, काळा मटणाला, खिम्याला जुन्या साडीची चिंधी. जेवण झालं की सोडलेला दोरा धुऊन स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकवायचा, पुन्हा वापरायला.

सकाळी मी डबा भरत असताना काकी विचारत, "आज कोनाला उठवू? काळ्याला का पांढऱ्याला?" मांस बाहेर काढून ठेवण्याला त्या "उठवणं" म्हणत. उठवलेली पिशवी पातेल्यात, पातेल्यावर ताट आणि ताटावर वरवंटा, मांजरासाठी. गरम पाण्यात बुडवलेलं त्यांना खपत नसे. "झोपेतून उठवताना कोनाच्या अंगावर गरम पानी वततेस काय?" सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी झाकणच उघडायचं नाही. आतल्यांनी निवांत झोपावं, बाहेरच्यांनी डाळभात खावा.

आणि त्यांचा एक कायदा होता. मांस एकदा उठवलं की मग कुठल्याही वस्तूसाठी दुकानात जायचं नाही. घरात असेल त्यातच जेवण करायचं. "बाजारातनं आनून सैपाक कोनबी करील." त्यामुळे काकींचा स्वयंपाक फार साधा आणि दर वेळी वेगळा. मुठीने फोडलेला कांदा, हळद, मीठ, मटण. वर खोलगट झाकण, झाकणात पाणी. ते पाणी तापलं की आत ओतायचं. शेवटी चमचाभर घरचा मसाला. खोबरं असलं तर घालायचं, नसलं तर कुणी रडायचं नाही. कोंबडी असली तर बटाटा आणि दोन आमसुलं. खिम्यात मेथी, नाहीतर मुळ्याचा पाला. एकदा घरात कांदासुद्धा नव्हता. बाजूच्या मद्रास टेलरच्या बायकोने दिलेला अर्धा कोबी होता. काकींनी तोच चिरून मटणात घातला. मी नाक मुरडून बसले आणि तीन भाकऱ्या खाऊन उठले. माझ्या घरी आजही कोबी घालून मटण होतं, आणि आजही लोक आधी नाक मुरडतात.

एका वर्षी कोंबड्यांच्या तापाची बातमी आली आणि सगळ्या मीरा रोडने चिकन सोडलं. नाक्यावरचा चिकनवाला हातावर हात ठेवून माशा मारत बसला. काकी दोन मोठ्या पिशव्या घेऊन गेल्या.

"काकी, सब डर गये, आप नहीं डरती?" तो म्हणाला.

"हमको काय होनार? तू साफ करके दे, बाकी का हम शिजवेगा बराबर," काकी म्हणाल्या. त्या हिंदीला तो गेली कित्येक वर्षं शरण होता.

घाबरणं ओसरलं आणि चिकनवाल्याचे भाव पुन्हा चढले, तेव्हाही आम्ही पांढऱ्या दोऱ्याच्या पिशव्या उठवत होतो. चाळीतल्या ज्या बायकांनी "काकी, मरायचंय का?" म्हणून हटकलं होतं, त्याच रोज संध्याकाळी फ्रीजरवर येऊन बसत आणि काकी कधी "ऊठ" म्हणतात याची वाट बघत.

लाइट गेली की मात्र काकींचा जीव टांगणीला लागे. त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंग रोजचंच होतं. सगळी चाळ हातपंखे घेऊन ओट्यावर यायची आणि काकी घरातल्या सगळ्या गोधड्या काढून फ्रीजरवर घालायच्या. माझी चादरसुद्धा ओढून न्यायच्या. वैशाखात घामाने निथळत फ्रीजरला पांघरूण घालणारी बाई बघून पोरं खिदळायची. "गोधडी गरम करत नाय रे," काकी समजावून सांगत. "जे हाय ते धरून ठेवते. माझ्यात ऊब हाय ती धरते, ह्याच्यात थंडी हाय ती धरते." मग मोठ्या माणसाच्या आजारपणात बसावं तशा फ्रीजरला टेकून बसत, पंखा सुरू होईपर्यंत.

इतकी कसली काळजी, असं मला वाटे. मटण गेलं तर गेलं, पुन्हा आणता येईल. पण फ्रीजरच्या तळाला उजव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची एक पुडी होती. ती दुधाच्या पिशवीत नव्हती. पळसाच्या पानांत गुंडाळलेली, वर लाल दोऱ्याचे आडवे-उभे वेढे. मी आले त्याच आठवड्यात काकींनी सांगून ठेवलं होतं, "बाकी कोनालाबी उठव. लाल निजू दे."

त्या पुडीचा उलगडा झाला तो वैशाखात. माझ्या काउंटरवर बोरिवलीला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने दुधाची एक किटली आणून ठेवली. आत बर्फ, बर्फात पळसाच्या पानांची पुडी, लाल दोरा. "पेणकरपाड्याच्या काकींची," म्हणाला. "दर साली असते. आदी नाक्यावर उभ्या ऱ्हायच्या, अवंदा म्हनाल्या, आमची बाय हितंच कामाला हाय."

किटली घरी नेली. काकींनी नवी पुडी आत ठेवली, जुनी बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती म्हणून मला बरोबर घेऊन समुद्रकाठच्या पाली गावाला निघाल्या. कोळंबीच्या कंपनीतली त्यांची एक मैत्रीण तिथे राहते, तिच्याकडे जातोय असंच मला वाटलं. पण गल्ल्यागल्ल्यांतून, सुकत घातलेल्या जाळ्यांना वळसे घालत त्या सरळ पाण्यापर्यंत गेल्या. साडी वर खोचली, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, दोरा सोडला आणि पानं उघडली. उत्तम मटण होतं. मांडीचे तुकडे, छातीची हाडं आणि कलेजीचा एकच तुकडा. काकींनी ते सगळं भरतीच्या पाण्यात सोडून दिलं.

मी ओरडलेच. ताटातला शेवटचा रस्सा भाकरीने पुसून घ्यायला लावणारी बाई ही.

"राखनदाराचं हाय, राखनदाराला गेलं," काकी म्हणाल्या. मग वाळूत बसून त्यांनी सांगितलं.

त्यांचं सासर मंडणगडाकडचं. तिथे वैशाखात गावाच्या सीमेवर राखणदार देवाला बोकडाची राखण देतात. बोकडाचे वाटे पळसाच्या पानांवर घालतात, घरटी एक पान. मोठं घर असो की लहान, वाटा सगळ्यांना सारखा. फक्त कलेजीचा तुकडा माणशी एक. मग थोरला माणूस एकेका घराचं नाव पुकारतो आणि त्या घराचा माणूस आपलं पान उचलतो. मुंबईला गेलेल्यांचे वाटे गाडीने पाठवतात. वाटा आपल्या चुलीवर शिजवायचा आणि घरच्यांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. आणि एकट्याने खायचा नाही. कमीत कमी दोन तोंडं पाहिजेत. ज्या घरात वाटा खायला दोन तोंडं उरली नाहीत, त्या घराचं पुढल्या साली पान मांडत नाहीत. नाव पुकारत नाहीत. त्या घराचं पान बंद झालं, असं म्हणतात.

"गावचं घर पडलं कवाच," काकी म्हणाल्या. "जमीन थोरल्या भावजींकडे. तिथं आता ह्यांचं म्हनून काय ऱ्हायलंय? वर्सातनं एकदा सीमेवर नाव पुकारतात, तेवडं. तेबी बंद झालं तर मानूस होता का नव्हता, कोन सांगनार?"

"मग गावाला काय सांगता?"

"खाल्ला म्हनून सांगते. त्यांनीबी कवा खोदून इचारलं नाय."

"आणि वर्षभर ठेवता कशाला? लगेच सोडून द्यायचा."

मला वाटतं, तो प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "वर्सात कोन घरचं आलं तर?" त्या म्हणाल्या.

घरचं असं कुणी नव्हतंच. येणार कोण होतं? पण हे मी बोलले नाही. काकींनी पदर झटकला आणि आम्ही परत आलो. संध्याकाळी माझा मोबाइल वाजला. काकींनी गावाला माझाच नंबर देऊन ठेवला होता. थोरले दीर होते. वाटे घालायचा मान त्यांच्याकडे.

"वाटा पोचला?"

"पोचला, भावजी."

"तोंडाला लागला?"

"लागला."

काकींनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या रात्री आम्ही मुगाची खिचडी खाल्ली. सोमवार नव्हता, गुरुवार नव्हता. पण काकी म्हणाल्या, आज कोणाला उठवायचं नाही.

मला त्यांची फार दया आली होती, हे खरं. पण दया दाखवलेली काकींना चालत नसे. दुसऱ्या दिवशी मी जरा मऊ आवाजात बोलले तर म्हणाल्या, "घसा बसलाय का तुझा? कोंबडीचं पानी करून देऊ?"

पुढे काकींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन करा म्हणून मी मागे लागले होते. "कोलंबी सोलायला डोळा कशाला लागतो?" हे त्यांचं उत्तर. कोळंबी सोलणं संपून वर्षं लोटली होती, पण उत्तर तेच. त्या दोऱ्याचा रंग उंबऱ्यात जाऊन उजेडात बघत आणि मग पिशवी पातेल्यात टाकत. बधिर बोटांना पिशवी कोणती आणि पान कोणतं हे कळण्याची आशाच नव्हती.

थंडीचे दिवस होते. बाजारात पावटे आले होते. रविवारी मी जरा उशिरापर्यंत झोपले आणि उठले तेव्हा काकींनी पहाटे अंधारात उठवलेलं मटण चुलीवर चढलेलं होतं. आमची चूल म्हणजे गॅसच, पण काकी चूलच म्हणत. पावटे घातलेला मटणाचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. काकींनी पातेलं मध्ये घेतलं, डाव फिरवला आणि कलेजीचा तुकडा माझ्या ताटात टाकला.

"तुम्ही घ्या," मी म्हटलं.

"खा गो. मला चावत नाय."

मी तो अर्धा करून अर्धा त्यांच्या ताटात ठेवला. कुरकुरत त्यांनी खाल्ला. रस्सा इतका सुरेख झाला होता की दोघींनीही दुसऱ्यांदा घेतला. काकी तर दोन घास जास्तच जेवल्या. म्हणाल्या, "आज बोकड बरा निघाला."

भांडी घासून मी खिळ्याजवळ आले. काळ्या दोऱ्यांच्या जुडीत एक ओला दोरा होता. मी तो ओढून काढला. लाल होता. खिळ्याखालच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्यात बघितलं. पळसाची पानं होती.

सांगावं की न सांगावं, असं मला झालं. पण काकींशी खोटं बोलण्याचा माझा वकूब नव्हता. मी दोरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दारात उजेडाकडे धरला, अगदी डोळ्याला लावून बघितला. मग फ्रीजरवरची गोधडी काढली, झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घालून उजवा कोपरा चाचपला. बराच वेळ चाचपला. झाकण तसंच उघडं टाकून त्या जमिनीवर बसल्या. उघडं झाकण टाकून बसलेल्या काकी मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. मी ते बंद केलं.

"काकी, चूक झाली. मुद्दाम केलं नाही कोणी."

काकींनी विचारलं, "तू दुसऱ्यांदा घेतलंस?"

"हो."

"मीबी घेतलं."

"हो."

"कलेजी अर्धी अर्धी."

"हो, काकी."

मग त्यांनी तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "गावाला फोन लाव."

"काय सांगणार? ते आता विचारणारही नाहीत. वैशाखात विचारतील तेव्हा..."

"लाव."

मी लावला. काकींनी फोन दोन्ही हातांत धरला आणि पलीकडचा माणूस चाळीच्या दुसऱ्या टोकाला असावा अशा आवाजात बोलू लागल्या.

"भावजी, हे गेल्यापासनं मी खोटं सांगत आले. वाटा तोंडाला लागत नव्हता. एकटीनं कसा खानार? दर साली दर्यात सोडला. पन आज लागला. चुकून लागला. डोळ्यानं दिसंना म्हनून लाल उठवला. पन दोन तोंडांनी खाल्ला. आपल्या चुलीवरचा खाल्ला."

पलीकडून काही विचारलं गेलं. मला ऐकू आलं नाही. काकींनी माझ्याकडे बघितलं.

"नात्यानं कोन नाय," त्या म्हणाल्या. "रोजच्या जेवनाला हाय."

पलीकडचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग काकी "बरं" म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला. "बगू, म्हनाले," एवढंच त्यांनी मला सांगितलं.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात वरून सगळं नेहमीसारखं चाललं होतं. काळा उठायचा, पांढरा उठायचा, लाइट गेली की गोधड्या पडायच्या. पण फ्रीजर कितीही भरला तरी तळाचा उजवा कोपरा काकी रिकामा ठेवत. तिथे दुसरी पिशवी सरकली तर उचलून दुसरीकडे ठेवत. वैशाख लागला तसं मी काउंटरवर बसल्या बसल्या प्रत्येक एसटीकडे मान वर करून बघू लागले. मॅनेजर म्हणाला, "किसी का इंतजार है क्या, मॅडम?" मी म्हटलं, बोकडाची वाट बघतेय. त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

आणि किटली आली.

ऑफिसातून तशीच रिक्षा करून घरी गेले. काकी दारातच होत्या. पुडी त्यांनी स्वतः सोडली. दिसत नव्हतं म्हणून मला म्हणाल्या, "तू बग. कलेजी बग." मी बर्फाळ तुकडे बाजूला करत गेले.

"दोन आहेत, काकी."

"नीट बग."

"दोन तुकडे आहेत."

काकींनी माझ्या हातातून ते दोन्ही तुकडे घेतले आणि आपल्या बधिर बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपले. मग रडल्या. मीही रडले. त्या दिवशी पुडी फ्रीजरमध्ये गेलीच नाही. नेहमीची रीत मोडून काकींनी आलेलं मटण आलं त्याच दिवशी शिजवलं. "आज वाघ झालो आपन," मी म्हटलं, आणि त्या रडता रडता हसल्या. संध्याकाळी फोन आला, "तोंडाला लागला?" आणि काकींनी जे "लागला" म्हटलं ते बाजूच्या चार खोल्यांना ऐकू गेलं असेल.

त्याच पावसाळ्यात काकी गेल्या. आजारी वगैरे नव्हत्या. दुपारी फ्रीजरला टेकून बसल्या होत्या, तशाच. मी ऑफिसातून आले तेव्हा शेजारणी जमल्या होत्या. लाइट नव्हती आणि सगळ्या गोधड्या फ्रीजरवर होत्या. त्यातली एक काढून मी त्यांच्या अंगावर घातली.

महिनाभराने थोरले दीर खोलीचं बघायला आले. काटकुळे, पांढऱ्या टोपीतले म्हातारे. ते फ्रीजरवर बसले. मी चहा दिला. त्यांचा चहा संपला तसं मी म्हटलं, "उठा जरा." ते दचकून उभे राहिले. मी झाकण उघडून काळा दोरा काढला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जेवताना ते म्हणाले, "कोबी घातलास?" मी म्हटलं, घरात तेवढंच होतं. निघताना म्हणाले, "खोलीत तूच ऱ्हा. पेटी बंद नको करूस."

मी राहिले. पण वैशाख आला तेव्हा एसटीकडे बघितलं नाही. आता कशासाठी बघायचं? काकी नाहीत, म्हणजे ते घर नाही. मी कोण, रोजच्या जेवणाची. तेही आता संपलेलं. गावात त्या दिवशी सीमेवर सगळी नावं पुकारली जातील आणि एक पुकारलं जाणार नाही, एवढं मनात येऊन गेलं.

त्या आठवड्यात आई सिन्नरहून आली होती. तिने आल्या आल्या फ्रीजर उघडून बघितला होता आणि "शी" म्हणून झाकण आपटलं होतं. दुपारी ती मला डबा द्यायला काउंटरवर आली, तेव्हाच ड्रायव्हरने किटली आणून ठेवली.

"हे काय?" आईने विचारलं.

मी किटली उचलली आणि आईला घेऊन निघाले. घरी आले. पानं उघडली. मांडीचे तुकडे, छातीची हाडं, कलेजीचे तुकडे दोन.

कांदा मुठीने फोडला. हळद, मीठ, वर झाकण, झाकणात पाणी. आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "वाटण नाही? भाजलेलं खोबरं नाही? असं पांचट कसं खायचं?" म्हणत होती. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने बोलणं थांबवलं आणि ताटं घेतली. आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. मी एक तुकडा तिच्या ताटात टाकला, एक माझ्या. आई खाली मान घालून जेवली. रस्सा दुसऱ्यांदा घेताना मला म्हणाली, "बाई कोण होती गं ती तुझी?"

तेवढ्यात फोन वाजला.

"वाटा पोचला?" थोरल्यांनी विचारलं.

"पोचला."

"तोंडाला लागला?"

"लागला," मी म्हटलं. आणि मला राहवलं नाही. "पण तुम्ही दोन तुकडे का घातलेत? मी एकटीच आहे इथे."

"एकट्यानं खायचा नसतो," म्हातारे म्हणाले. "दुसरं तोंड कोनाचं, ते मी इचारत नाय. बसलं ना कोन तुझ्यासंगं?"

मी आईकडे बघितलं. ती हाड चोखत होती.

"बसलं," मी म्हटलं.

"मग झालं. काल नाव पुकारलं तवा पान मीच उचललं. पुढल्या साली येऊन तू उचल."